आठव्या घरातली शेजारीण

आधीच सांगते, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. या सदरातले अनुभव मी वाचते ते रविवारी जेवण झाल्यावर, झोप लागेपर्यंत. वाचता वाचता मनातल्या मनात कारणंही काढत असते... हे पाइपातलं पाणी, ही वाळवी, हा नवऱ्याचा चावटपणा. घर आवाज करतं यात नवल काहीच नाही. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी आखडतं, पत्रे कडकडतात, छतात उंदीर संसार थाटतात. माझ्या कामात भुताखेतांना जागा नाही. जे आहे ते वजन आहे, आणि ते नीट जमिनीपर्यंत पोचवायचं, बस्स.

तरी हे लिहितेय. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नकोस." घातलंय.

२०१४ च्या आसपासची गोष्ट. सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी आम्ही राहत होतो. निखिलचं ऑफिस हार्बरफ्रंटलाच, शिपिंगमध्ये. त्याला चालत जाता येईल असं घर शोधताना मला ती ओळ दिसली आणि मी हट्टच धरला. ओळखीतले सगळे मराठी लोक काँडोत, खाली स्विमिंग पूल वगैरे. आणि आम्ही एकोणिसाव्या शतकातल्या घरात, जिथे खालचा नळ सोडला की वरच्या मजल्यापर्यंत कुरकुर जायची. "लोक जुनं घर पाडून फ्लॅट घेतात, हिने फ्लॅट सोडून जुनं घर घेतलं," असं निखिल येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

ती ओळ म्हणजे अस्सल इंग्लिश टेरेस. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे हं — एकमेकांना खेटून, एका दमात बांधलेली घरं. गोदीतल्या इंग्रज इंजिनिअरांसाठी बांधली होती म्हणे. लांबून एकच मोठा महाल वाटावा असा थाट: पांढरा गिलावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळणारी कॉर्निस, म्हणजे छपराखालची नक्षीदार पट्टी, मधल्या दोन घरांच्या डोक्यावर त्रिकोणी मुकुट, प्रत्येक दारावर अर्धगोल काच. जवळ गेलं की कळायचं, घरं पार अरुंद आहेत. दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि दोन्हीकडच्या तुळया त्याच भिंतीत घुसवलेल्या. म्हणजे शेजाऱ्याचा भार ज्या भिंतीवर, त्याच भिंतीवर आपलाही. मला हे फार आवडायचं.

आणखी एक गंमत म्हणजे शेकोट्या. सिंगापूरमध्ये! जिथे वर्षाचे बारा महिने घाम पुसावा लागतो, तिथे प्रत्येक घरात खाली एक आणि वर एक शेकोटी, छपरावर धुराडी. नकाशे विलायतेहून आले असणार आणि इथे कोणी 'साहेब, हे कशाला?' असं विचारलं नसणार. दर दोन घरांच्या शेकोट्या पाठीला पाठ लावून, मध्ये फक्त विटा. जिने दुसऱ्या बाजूला, तेही तसेच पाठीला पाठ लावून.

आमचं घर टोकाचं, सातवं. पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की तो मुकुट मधोमध नाही. त्याच्या डावीकडे तीन घरं, उजवीकडे दोनच. म्हणजे मुळात आठ असणार. बाजूला जाऊन पाहिलं तर तसंच. आमच्यापलीकडे आठव्या घराची जागा रिकामी, गवत वाढलेलं. कोणी म्हणायचं युद्धात बॉम्ब पडला, कोणी म्हणायचं रस्त्यासाठी पाडलं. आमच्या भिंतीला बाहेरून विटांचे टेकू दिलेले, आणि वर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, आठव्या घराच्या वरच्या खोलीची शेकोटी अजून भिंतीला चिकटलेली. आत विटा भरून बुजवलेली, वरची दगडी फळी शाबूत, भोवती निळ्या रंगाचे पापुद्रे. खाली जमीन नाही, समोर खोली नाही... नुसती हवेत.

एवढं डोक्यात ठेवा. आता आईबद्दल सांगते.

त्या वर्षी माझे बाबा गेले. पुण्याला, अचानक, हार्टने. मी एकुलती एक. मी पोचले तेव्हा सगळं आवरत आलं होतं. घरात जो तो मला बाजूला घेऊन एकच सांगत होता: "आता आईला सांभाळ." मीही मान डोलवत होते. सांभाळायचं तर सांभाळायचं. बँका, पेन्शन, गॅसचं नाव बदलणं, सगळं धडाधड उरकलं आणि आईला घेऊन सिंगापूरला आले.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळापासून निवृत्तीपर्यंत. बाबा म्हणायचे, "ही दिवसभर लोकांची लाईन जोडते आणि घरी आली की माझी तोडते." तिचं बोलणं म्हणजे धबधबा. आणि आता ती बोलायचीच नाही. विचारलं तर "हं". जेवतेस का? हं. बाहेर जाऊ या? नको. मागच्या खोलीत शेकोटीजवळ वेताच्या खुर्चीत बसून राहायची, कारण तिथे गार वाटायचं. तिचा पास व्हिजिटचा. वाढवून घेतला तरी काही महिन्यांत तिला परत जावंच लागणार होतं, त्या फ्लॅटमध्ये, एकटीला. ही बाई तिथे एकटी उठेल, चहा करेल, खाईल, असं मला वाटेना. ती नुसती बसून राहील आणि एक दिवस... पुढचं मी मनातही बोलत नसे.

अशात एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आई म्हणाली, "शेजारीण बरी आहे हो तुमची."

पूर्ण वाक्य! मी बूट हातात धरून तशीच उभी राहिले.

"कोण, आंटी?" सहाव्या घरात एक चिनी आंटी राहायच्या, सत्तरीच्या. "आल्या होत्या का?"

"आल्या नाहीत. ठोकतात."

मग कळलं ते असं. चार वाजता आई चहाचं आलं कुटायची. ओट्यावर कुटलं की वरची भांडी नाचतात म्हणून पुण्याहून आणलेला पितळी खलबत्ता तिने शेकोटीच्या दगडी पायरीवर ठेवला होता. कुटून झालं आणि पलीकडून भिंतीवर दोन ठोके आले. आईला वाटलं, शेजारणीची झोपमोड झाली, बिचारी तक्रार करतेय. म्हणून तिने बत्त्याने हळूच दोनदा वाजवलं, सॉरी म्हणून. तर पलीकडूनही हळूच दोन. तेव्हापासून रोज चारला हे चाललं होतं.

"तुला काय वाटलं, तू का उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"म्हणजे काय? कॉल आला तर घ्यायला नको?" आई म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी फाटकाशी आंटींना गाठून थँक्यू म्हटलं. आंटी माझ्याकडे बघतच राहिल्या. दुपारी त्या झोपलेल्या असतात आणि आई परत गेली असंच त्यांना वाटलं होतं, हे त्यांनी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं. "नॉक? नो ला! आफ्टरनून आय ऑल्वेज स्लीप वन. योर मदर सो क्वाएट, आय थॉट शी गो बॅक इंडिया अल्रेडी."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आंटींच्या बाजूला आमचा जिना. शेकोटी दुसऱ्या भिंतीत. आणि त्या भिंतीपलीकडे घरच नाही.

शनिवारी मी चार वाजता घरी थांबले. आईने आलं कुटलं, बत्त्याने दोनदा भिंतीवर वाजवलं. ठक, ठक. मी मनात म्हणत होते, काही होणार नाही, आईला भास होतोय, डॉक्टर शोधायला हवा. आणि मग आलं. ठक... ठक. मऊ, जरासं लांबून, पण स्पष्ट. मी कान भिंतीला लावला.

आईने तीनदा वाजवलं. तीनदा आलं. मी तिच्या हातातून बत्ता घेऊन मुद्दाम वेडावाकडा ठेका धरला, एक, मग दोन घाईघाईने, मग थांबून एक. पलीकडून काहीच नाही. "असं काय करतेस, घाबरतील ना त्या," म्हणून आईने बत्ता काढून घेतला आणि तोच ठेका हळू वाजवून दाखवला. तसाच्या तसा परत आला. मी धावत बाहेर जाऊन बाजूच्या गवतात पाहिलं. एक घोरपड टेकूवर ऊन खात पडली होती. बाकी कोणी नाही.

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. धुराड्यात पक्षी असतील म्हणून वर चढून पाहिलं, ते कधीचं विटांनी बंद. पाइप त्या भिंतीत नव्हतेच. ऑफिसातून कंपनं मोजायचं यंत्र आणून भिंतीला चिकटवलं. त्यात आईचे ठोके उमटले. पलीकडचे उमटले नाहीत. कानांनी मात्र ते आम्ही दोघींनी ऐकले. आई घरात नसताना, निखिलने तिला ईस्ट कोस्टला फिरायला नेलं तेव्हा, मी एकटीने ठोकून पाहिलं. भिंत मख्ख.

निखिलने एकदा ऐकलं आणि त्यानंतर तो चारच्या चहाला त्या खोलीत येईना. पण त्याचं म्हणणं साफ होतं. "आईंना सांग की पलीकडे कोणी नाही. उद्या त्यांना स्वतःला कळलं तर जास्त वाईट होईल."

बरोबर होतं त्याचं. पण आई बोलायला लागली होती! "आज उशिरा वाजवलं त्यांनी, बरं नसेल." "आज मीच आधी कॉल लावला." चहाबरोबर दोन बिस्किटं खात होती. पोळ्या लाटत होती आणि मला ओरडत होती की कणीक किती घट्ट मळतेस. ज्या भिंतीवर हे सगळं उभं राहिलंय तीच मी काढून घेऊ? टेकू काढायच्या आधी भार दुसरीकडे द्यावा लागतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी गप्प बसले.

त्या दिवसांत ऑफिसात रॉजरला सहज विचारलं. रॉजर उत्तर इंग्लंडचा, साठीला आलेला, अशाच एका टेरेसमध्ये वाढलेला. तो म्हणाला, त्याची आजी शेकोटीतल्या लोखंडी सळईने मागच्या भिंतीवर ठोकायची. दोनदा हळू म्हणजे चहा टाकलाय. जोरजोरात म्हणजे धावत ये, कोणीतरी आजारी आहे किंवा मूल होतंय. "फोन होता कुठे तेव्हा?" तो म्हणाला आणि हसला. मीही हसले.

मग ते झालंच, ज्याची मला भीती होती. त्यात आश्चर्य ते काय म्हणा. एक मराठी बाई महिनाभर शेजारणीशी व्यवहार ठेवते आणि तिच्याकडे काही पाठवत नाही, असं कुठे होतं का? मी वर लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. खालून नारळाच्या वड्यांचा वास येत होता. मीटिंग संपवून खाली आले तर खोलीत आई नाही. पुढचं दार उघडं. बाबा गेल्यापासून ती एकटी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

मी अनवाणीच धावले. आई बाजूच्या गवतात उभी होती. नीट नेसलेली सुती साडी, हातात झाकलेली ताटली. मान वर करून ती त्या हवेतल्या शेकोटीकडे बघत होती.

"आई..." मी म्हटलं. ऊन होतं, मैना कलकलत होत्या.

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "इथे घर होतं?"

"हो. खूप वर्षांपूर्वी."

"तुला माहीत होतं?"

"हो."

तिने ताटलीवरचं झाकण नीट केलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता ती परत मिटणार, आणि या वेळी मला काहीच करता येणार नाही, असं वाटलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे एकटीच आहे की गं ती."

तिने टेकूच्या सपाट विटेवर ताटली ठेवली, वरचं झाकण काढून घेतलं. "मुंग्या लागतील," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून. "लागू देत," ती म्हणाली. मग पदर खोचून घराकडे चालायला लागली. "चल, चार वाजतील. आधी मीच लावते कॉल."

त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा बाबांबद्दल बोलली. म्हणाली, ते गेल्यावर सुरुवातीला ती त्यांच्याशी मनात बोलायची, मग बंद केलं. पलीकडून काही येत नाही तर लाईन कशाला अडवून ठेवायची, असं वाटलं तिला. "पण ही बघ," ती भिंतीकडे हात करून म्हणाली, "हिने किती वर्षं ठोकलं असेल, कोणी उचलत नसताना." आणि मग ती बाबांच्या गोष्टी सांगत सुटली. त्यांनी लग्नाआधी एक्स्चेंजला फोन करून मुद्दाम चुकीचे नंबर मागितले होते, ते मला तेव्हा कळलं. निखिल दोन वेळा वरण गरम करून आला. आई थांबेना.

पास संपायच्या आत तिनेच सांगितलं, "तिकीट काढ. मी जाते आता. घर बंद ठेवून चालत नाही." मी म्हटलं, जमेल तुला? ती म्हणाली, न जमायला काय झालं.

निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी होती आणि आई मागच्या खोलीत. मी जिन्यावरून पाहिलं. ती शेकोटीशी वाकून, भिंतीला हात लावून काहीतरी बोलत होती. शब्द ऐकू आले नाहीत. फक्त शेवटचं "येते हं" ऐकलं. खलबत्ता तिने तिथेच ठेवला. "राहू दे तुला," म्हणाली. विमानतळावर आत जाताना मागे वळून म्हणाली, "उद्या चारला घरी राहा."

"का?"

"राहा म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली. आईची खुर्ची रिकामी होती. तिची एक हेअरपिन खाली पडलेली, ती उचलली. चहा टाकला. आलं कुटलं नाही, बत्त्याला हातही लावला नाही. त्या भिंतीने मला कधी उत्तर दिलं नव्हतं आणि त्या दिवशी पुन्हा ते ऐकायची माझी तयारी नव्हती. कप घेऊन पायरीवर नुसती बसले.

आणि वाजलं.

ठक. ठक.

मी काही न करता. माझ्या पाठीशी, अगदी जवळ. कोणीतरी दारावर हळूच वाजवून 'आहात ना?' म्हणून विचारावं तसं.

मी कप खाली ठेवला आणि रडायला लागले. कशासाठी ते आधी मलाच कळेना. मग कळलं, बाबा गेले होते. माझे बाबा. मी विमानात रडले नव्हते, वैकुंठ स्मशानात अस्थी घेताना रडले नव्हते, बँकेत त्यांच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिताना रडले नव्हते. आता भिंतीला डोकं टेकून, नाक पुसायचंही भान न ठेवता रडले. पलीकडून मधूनमधून वाजत राहिलं, दोन-दोन, घाई न करता. शेवटी मी बत्ता घेऊन उत्तर दिलं.

आईचा फोन आला तेव्हा माझा आवाज बसलेला. "आला का कॉल?" तिने विचारलं.

"आई, तू काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, माझ्या पोरीचा बाप गेलाय आणि पोरगी अजून रडली नाही. सगळे तिला आईला सांभाळ म्हणतात, तिला कोणी विचारत नाही. तुम्ही जरा चौकशी करत जा." मग म्हणाली, "मला मराठीच येतं नीट. पण त्यांना कळलं असावं."

आई पुण्यात आहे. ठणठणीत, बडबडी. आम्ही पुढे दोनेक वर्षांनी ते घर सोडलं, आता ईस्ट कोस्टला काँडोत असतो, भिंती काँक्रीटच्या. निघताना मीही भिंतीला हात लावून "येते" म्हटलं. यंत्रात ते ठोके का उमटले नाहीत, आई बोलल्याशिवाय मला उत्तर का मिळालं नाही, पलीकडे कोण होतं, बाई होती की आणखी कोणी — मला ठाऊक नाही. खूप डोकं चालवलं. कारण सापडलं नाही.

त्या ओळीतल्या टोकाच्या घरात आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असेल तर एकच विनंती. चारच्या सुमाराला घरी असाल आणि शेकोटीत वाजलं, तर घाबरू नका. दोनदा हळू वाजवा. आणि चहा टाका.